कमरेची सुपारी

१

सहलीच्या कंपनीने पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं की बॅगा सकाळी वेळेत खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या, नाश्ता उरकायचा आणि बसमध्ये आपापल्या जागेवर येऊन बसायचं. श्यामसुंदरराव सगळ्यांच्या आधी तयार असत. एकट्या माणसाला आवरायला लागतं किती? दाढी, आंघोळ, देवाला हात जोडले की झालं. जोडप्यांच्या खोल्यांतून मात्र "माझा चष्मा कुठे ठेवलास", "तुमच्याच खिशात बघा" अशी झटापट ऐकू यायची. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये बॅगेजवळ उभे राहून ते ती उगीचच ऐकत राहायचे.

आज ल्युसर्न सोडायचं होतं आणि संध्याकाळी फ्लॉरेन्स गाठायचं होतं. म्हणजे स्वित्झर्लंडमधून इटलीत. पाहायचं असं काही नाही, दिवसभर नुसती बस. कार्यक्रमपत्रिकेत त्याला 'निसर्गरम्य प्रवासाचा आनंद' असं म्हटलं होतं. ज्यांना बोलायला शेजारी माणूस आहे त्यांच्यासाठी ते खरंही असेल.

बसमध्ये एक नियम होता. रोज सगळ्यांनी दोन रांगा पुढे सरकायचं, म्हणजे पुढच्या काचेतला देखावा सगळ्यांच्या वाट्याला येतो. आज श्यामसुंदरराव मधल्या दाराच्या अलीकडे आले होते. त्यांच्याकडे दोन खुर्च्या होत्या, कारण बुकिंग दोघांचं होतं. चारुलताबाई होत्या तेव्हाच ते केलेलं. मग त्या गेल्या, वर्षश्राद्धही झालं, आणि लेक ईश्वरी म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन याच. आईची इच्छा होती." बुकिंगमधलं एक नाव काढायला कंपनीत फोन करायचं त्यांच्या जिवावर आलं. ते तसंच राहिलं. खोलीत दोन पलंग, बसमध्ये दोन खुर्च्या.

ते स्वतः नेहमी आतल्या बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेकडे बसत. खिडकी चारुलताबाईंची. लग्न झाल्यापासून सातारच्या एसटीतसुद्धा खिडकी त्यांचीच असायची. आता त्या जागेवर त्यांचा जांभळा स्वेटर घडी घालून ठेवलेला असे. त्यांनी स्वतः, याच सहलीसाठी विणलेला. एकदाही अंगात न घातलेला.

बस सुटली. सगळे 'गणपती बाप्पा मोरया' म्हणाले. श्यामसुंदरराव खिडकीबाहेर पाहायला वळले आणि त्यांना काचेवर डाग दिसला.

डोक्याचा डाग. एसटीच्या काचांवर असतो तसा, तेल लावलेलं डोकं टेकून कुणी झोपलं की उमटतो तो. आता युरोपातल्या बसमध्ये खोबरेल लावून कोण झोपणार, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, ही मराठी माणसांची बस आहे, न लावायला काय झालं. काल इथे दुसरं कुणीतरी बसलं असणार. पण ड्रायव्हर रोज सकाळी सगळ्या काचा आतून पुसायचा, आजही त्यांनी त्याला पुसताना पाहिलं होतं. आणि डाग फार वर होता. खुर्चीच्या पाठीच्याही वर.

त्यांनी रुमालाने तो पुसला. रुमालाला खोबरेलाचा वास आला.

२

निघायच्या आधी खारघरच्या घरी त्यांनी सत्यनारायण घातला होता. मोठ्या प्रवासाआधी सत्यनारायण ही चारुलताबाईंची पद्धत. तीच पुढे चालवावी एवढाच विचार होता. ईश्वरी पुण्याला, तिला सुट्टी नव्हती. नेहमीचे गुरुजी गावी गेले होते, म्हणून त्यांनी एका तरुण गुरुजींना पाठवलं. ते घाईत आले, पाट मांडले आणि विचारलं, "काका, काकू?"

दुसरा पाट रिकामा होता. हार घातलेला फोटो आतल्या खोलीत होता. तो बाहेर असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

"बाहेरगावी आहेत," श्यामसुंदरराव म्हणाले.

खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. खरं बोलायचं तर तो चेहरा पाहावा लागला असता, 'अरेरे' म्हणणारा. वर्षभर ते तो चेहरा पाहून विटले होते. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, मेट्रोच्या स्टेशनावर, जिथे जावं तिथे तो हजर.

"मग सुपारी लावा कमरेला," गुरुजी सहज म्हणाले. त्यात नवल काहीच नव्हतं. बायको हजर नसेल तर तिच्या जागी नवऱ्याने कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायचं, ही जुनीच रीत. चारुलताबाई माहेरी गेलेल्या असताना श्यामसुंदरराव कितीदा तसे बसले होते. त्यांनी मुकाट्याने सुपारी घेतली आणि सोवळ्यात खोचली.

संकल्प सांगताना गुरुजींनी विचारलं, "पत्नीचं नाव?"

इथे पंचाईत झाली. श्यामसुंदररावांनी आयुष्यात बायकोला नावाने हाक मारली नव्हती. समोर 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का', आणि चारचौघांत 'आमची मंडळी'. त्या थट्टेने म्हणायच्या, "एकदा तरी नाव घ्या, जीभ झडणार नाही." ते नाव आता देवासमोर, रिकाम्या पाटाशेजारी बसून घ्यायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

गुरुजींना पुढे बेलापूरला दुसरी पूजा होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. "असू दे," म्हणाले, आणि मंत्र पुढे सुरू झाला.

जाताना दारात चपला घालता घालता ते म्हणाले, "त्या आल्या की सुपारी पाण्यात सोडा. तोवर जवळच असू द्या."

रात्री श्यामसुंदररावांनी दाराची वरची कडी लावली. ती नेहमी त्यांनीच लावायची, कारण चारुलताबाईंचा हात तिथवर पुरायचा नाही. त्या जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत. वरची कडी लावून ते मागे वळले की त्या म्हणायच्या, "चला, किल्ला बंद झाला." आता कडी लावल्यावर घरात काहीच ऐकू येत नसे. सुपारी त्यांनी पासपोर्टच्या थैलीत टाकली. कंपनीने दिलेली ती थैली कमरेलाच बांधायची होती.

३

बस तळ्याच्या काठाकाठाने चालली होती. कुलदीप माइकवर बोलत होता. कुलदीप म्हणजे सहलीचा मॅनेजर, नवी मुंबईच्या दिघ्यात वाढलेला, तिशीचा, आणि गेली काही वर्षं अर्धं वर्ष युरोपात काढणारा. "मंडळी, आज लाँग ड्राइव्ह हाय. वॉशरूमचं टेन्शन घेऊ नका, टायमावर थांबणार आपन. तोवर अंताक्षरी खेळा, नायतर झोपा."

ईश्वरीचा फोन आला.

"बाबा, जेवण नीट मिळतंय ना?"

"मिळतंय गं. काल तर पुरणपोळी होती. इथल्या डोंगरात बसून पुरणपोळी."

ती हसली, मग म्हणाली, "बाबा, काल मी आईचा जुना व्हॉइस मेसेज ऐकला. 'ईशू, जेवलीस का' एवढाच आहे. चारदा ऐकला."

"असू दे, पुसू नकोस तो."

"तुम्हाला फार एकटं वाटतं का हो?"

"छे गं, बसभर माणसं आहेत," ते म्हणाले. तिचा श्वास जड झालेला ऐकू आला. त्यांनी तिला तळ्याचा रंग सांगितला, गाईंच्या गळ्यातल्या घंटा सांगितल्या, आणि फोन ठेवला.

इतक्यात कुलदीप खाऊचे पुडे वाटत आला. श्यामसुंदररावांच्या हातात त्याने दोन ठेवले.

"अरे, एकच दे."

"काका, काकू जॉइन झाल्या तर मला बोलायचं ना," कुलदीप दबक्या आवाजात म्हणाला. "मी काय खानार हाय का तुमाला? हॉटेलला दोघांचंच नाव हाय, काय प्रॉब्लेम नाय." आणि तो पुढच्या रांगेकडे गेला.

श्यामसुंदरराव दोन पुडे हातात धरून बसून राहिले. यादीत दोन नावं आहेत, तो गोंधळला असणार, त्यांनी स्वतःला समजावलं. दुसरा पुडा त्यांनी शेजारच्या खुर्चीवर, स्वेटरच्या बाजूला ठेवला. एक डुलकी काढून उठले तेव्हा तो रिकामा होता, नीट चौकोनी घडी करून समोरच्या जाळीत खोचलेला. झोपेत आपणच खाल्लं असेल, असं ते मनाशी म्हणाले. पण त्यांच्या तोंडाला चिवड्याची चव नव्हती.

४

मोठा बोगदा येण्याआधी गाड्यांची रांग लागली होती, म्हणून बस एका विश्रांतीच्या जागी थांबली. बाहेर ऊन होतं आणि वाराही होता. श्यामसुंदररावांनी आपली हातातली बॅग स्वेटरवर ठेवली, जागा धरून ठेवतात तशी, आणि पाय मोकळे करायला उतरले.

कोपरखैरणेच्या उज्वलाबाई आणि अरविंदराव हे जोडपं त्यांना पहिल्याच दिवशी विमानतळावर भेटलं होतं. उज्वलाबाईंनी तेव्हा लगेच विचारलं होतं, "एकटेच?" आणि श्यामसुंदररावांच्या तोंडून निघून गेलं होतं, "नाही, मंडळी येतायत मागाहून." एकदा जे बोलून गेलो त्याला पुढचं जोडत बसावं लागतं. नंतर चार दिवस ते उज्वलाबाईंना चुकवत होते.

आता त्या वॉशरूमकडून हात पुसत थेट त्यांच्याकडेच आल्या.

"आल्या हो शेवटी वहिनी. बरं झालं. मी यांना म्हणतच होते, बिचारे एकटे एकटे बसतात."

"कोण?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"आत्ता भेटल्या ना आत. आरशापाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, थर्मासमध्ये चहा आहे, घेता का. नुसती मान हलवली. कमी बोलतात वाटतं."

चारुलताबाई आणि कमी बोलणं. स्टॉपवर बस येईपर्यंत शेजारच्या अनोळखी बाईच्या सुनेचं माहेर त्यांना कळलेलं असे.

"दुसरं कुणी असेल," ते म्हणाले.

"अहो, तुमच्या जागेवरचा जांभळा स्वेटर अंगात होता, चार दिवस बघतेय मी तो. विणलाय सुरेख. पण खरं सांगू, राग मानू नका, त्यांना फार आखूड होतो. बाह्या कोपराच्या जरा खाली आल्यात, बास. थंडी वाजेल त्यांना." मग त्या हसल्या. "आणि किती उंच हो. तुमच्या वर अर्धा हात असतील."

"उज्वला," अरविंदराव म्हणाले, "काहीही काय बोलतेस."

श्यामसुंदररावांनी बसच्या लोकांवरून नजर फिरवली. सगळे बाहेर होते, कुणी सेल्फी काढत होतं, कुणी कॉफी घेत होतं. जांभळं कुणीच नव्हतं. उंच बाई कुणीच नव्हती. दुसऱ्या एखाद्या बसमधली असेल, जांभळा रंग काय एकट्या आपल्या घरी आहे, असं म्हणत ते बसमध्ये चढले.

बॅग खाली, पायाशी ठेवलेली होती. स्वेटर खुर्चीवर होता, घडी घातलेला. पण बाह्या आत दुमडायची चारुलताबाईंची पद्धत होती, आणि ते अजून तशीच घडी घालत. आता बाह्या बाहेर होत्या. त्यांनी हात लावला. लोकर कोमट होती. टाके पार ताणून सैल झाले होते, लहान कपडा मोठ्या अंगात घातल्यावर होतात तसे.

त्यांना सगळ्यात आधी आला तो राग. तिचा होता तो. तिने एकदाही घातला नव्हता.

५

बोगदा लांब होता. आत शिरताच बाहेरचं सगळं विझलं. ड्रायव्हरने आतले दिवे लावले नाहीत, फक्त छताशी एक निळसर पट्टी उजळली. बसमध्ये शांतता पसरली. कुणीतरी घोरत होतं. टायरांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता.

श्यामसुंदरराव समोर पाहत बसले. डावीकडे खिडकी होती आणि बोगद्यात प्रत्येक खिडकीचा आरसा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांच्यातला विमा कार्यालयात तीस वर्षं कागद तपासलेला माणूस म्हणाला, बघून टाक. रिकामी खुर्ची दिसेल, तुझं तोंड दिसेल, विषय संपेल.

त्यांनी मान वळवली, पण नजर खुर्चीवर न्यायचं धाडस झालं नाही. सरळ काचेतच पाहिलं.

काचेत पलीकडची रांग दिसत होती. अरविंदराव तोंड उघडं टाकून झोपले होते. उज्वलाबाई मोबाइल पाहत होत्या, त्याचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. पुढच्या खुर्चीची पाठ दिसत होती, मागच्याचा गुडघा दिसत होता. श्यामसुंदररावांनी त्यात स्वतःला शोधलं.

ते दिसत नव्हते. काच आणि ते यांच्यामध्ये काहीतरी होतं, आणि त्यामागे ते झाकले गेले होते. त्या जागी जांभळं होतं. लोकरीचे टाके दिसले. त्यांच्या वर खांदा होता, खुर्चीच्या पाठीच्या वर गेलेला. त्याच्याही वर त्यांनी पाहिलं नाही.

ते पुन्हा समोर बघायला लागले. डाव्या दंडाला गारवा जाणवत होता, तळघराचं दार उघडं राहिलं की येतो तसा. ओरडावं असं वाटलं, पण काय म्हणून ओरडणार? माझ्या शेजारी माझी बायको बसली आहे म्हणून? बसमधले सगळे म्हणाले असते, मग?

वर्षभर त्यांनी एकच मागणं मागितलं होतं, शेजारी कुणीतरी असावं. आता कुणीतरी होतं आणि ते वाटेच्या बाजूला अंग चोरून बसले होते.

बस उन्हात आली. खुर्चीवर स्वेटर होता, घडी घातलेला. काचेवर, खूप वर, तेलाचा ओला डाग होता.

६

इटलीत दुपारी जेवायला थांबले तेव्हा श्यामसुंदरराव पेट्रोलपंपाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"बोला काका, प्रवास कसा चाललाय?"

"गुरुजी, ती सुपारी. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आमची मंडळी बाहेरगावी नव्हती. वारली. वर्ष होऊन गेलं."

पलीकडे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. खारघर इतकं जवळ ऐकू आल्यावर श्यामसुंदररावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, मग सुपारी कशाला लावायची? एकट्याला बसता येतं की पूजेला."

"हो."

"आणि संकल्पात नाव घेतलं होतंत ना काकूंचं?"

"नाही. आवाज फुटला नाही. तुम्ही असू दे म्हणालात."

मग गुरुजी बोलले, तेव्हा त्यांच्या आवाजातली घाई पार गेली होती. "जवळ आहे का आत्ता सुपारी?"

"कमरेला."

"दिवस मावळायच्या आत वाहत्या पाण्यात सोडा. नदी, ओढा, काहीही. आणि सोडेपर्यंत काकूंचं नाव तोंडातून काढू नका. कितीही वाटलं तरी नाही."

"का?"

"मला जेवढं सांगितलंय तेवढं मी तुम्हाला सांगितलं, काका. मला याच्या पुढचं माहीत नाही."

श्यामसुंदरराव परत बसकडे निघाले. लांबूनच त्यांना आपली खिडकी दिसली. बसमध्ये अजून कुणी चढलं नव्हतं. खिडकीत कुणीतरी त्यांची वाट पाहत असल्यासारखं, काचेला डोकं टेकून बसलं होतं. ते जवळ येईपर्यंत ऊन काचेवर फिरलं आणि मग काही दिसलं नाही.

७

फ्लॉरेन्सला पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कुलदीपने सगळ्यांना नदीवर नेलं. "सनसेट बगा, फोटो मारा, मग डायरेक्ट डिनर." नदीवर जुना दगडी पूल होता, आणि पुलावर जोडप्यांची गर्दी.

एकट्या माणसाचं सहलीत एक काम ठरलेलं असतं. श्यामसुंदररावांनी अरविंदराव आणि उज्वलाबाईंचा फोटो काढला. मग आणखी एका जोडप्याचा, मग आणखी एकाचा. "काका, आता तुमचा दोघांचा काढू?" कुणीतरी विचारलं. ते नको म्हणाले आणि कठड्याच्या टोकाला, माणसं संपतात तिथे जाऊन उभे राहिले.

थैलीची चेन उघडून त्यांनी सुपारी काढली. लहानशी, सुरकुतलेली. खाली पाणी संथ चाललं होतं. सूर्य अजून वर होता, पण फार नव्हता. मूठ उघडायची, बास, एवढंच काम. बस रिकामी होईल, खुर्ची रिकामी होईल, दुसरा पलंग रिकामा होईल. मग विमान. पहाटेची टॅक्सी, सोसायटीचं गेट, लिफ्ट. कुलपाला किल्ली लावायची, बॅग आत घ्यायची, वरची कडी लावायची. आणि मागे वळायचं.

त्यांना ते मागे वळणं दिसलं. हॉल दिसला. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. पांडवकड्याचे डोंगर खिडकीत, कपात एकट्याचा चहा, आणि भाजीवाल्याकडे 'अरेरे' म्हणणारा चेहरा. पुढची सगळी वर्षं अशी.

शेजारी कठड्यावर एक हात येऊन टेकला.

त्यांनी फक्त हात पाहिला. जांभळी बाही कोपराखाली संपली होती, आणि तिथून पुढे मनगट होतं, लांब, फिकट. चारुलताबाईंच्या अंगठ्याजवळ तव्याचा जुना चटका होता. बांगड्यांनी मनगटावर फिकट वळ पडला होता. या हातावर काही नव्हतं. कधी काही केलेलाच नसावा असा हात. हा हात तिचा नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं स्पष्ट ठाऊक होतं.

पण तो शेजारी होता. आणि जात नव्हता.

पलीकडे जोडपी हसत होती. सूर्य पुढच्या पुलाच्या कमानीला टेकला. श्यामसुंदररावांनी मूठ पाण्यावर धरली होती, दंड दुखायला लागला होता.

"काका, काकू, चला," कुलदीपने लांबून हाक मारली. "बस उबी हाय."

श्यामसुंदररावांनी मूठ मागे घेतली. सुपारी थैलीत टाकली, चेन लावली. मग पाण्याकडे बघतच, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी ते नाव घेतलं. वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. जीभ झडली नाही.

"चारुलता," ते म्हणाले.

"हं," त्यांच्या डोक्याच्याही वरून आवाज आला.

८

जेवण झालं आणि बस हॉटेलकडे निघाली. श्यामसुंदरराव आतल्या बाजूला बसले होते. खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, स्वेटर आता घडी घालून ठेवलेला नव्हता.

फोन वाजला. ईश्वरी.

"पोचलात का? कसा झाला दिवस?"

"लांब होता," ते म्हणाले. "दिवसभर बस. बोगदे फार. संध्याकाळी नदी पाहिली."

"दमला असाल. बरं, फोन ठेवू नका. आईला द्या ना."

श्यामसुंदररावांच्या हातातला फोन कानापासून जरा दूर झाला. "काय म्हणालीस?"

"आईला द्या. सकाळीही तुम्हीच बोललात." तिच्या आवाजात सकाळचं रडं नव्हतं, ती आरामात बोलत होती. "तिने मला नेहमीसारखं विचारलंच नाही, जेवलीस का म्हणून."

"ईशू," ते म्हणाले. "तो मेसेज. आईचा. सकाळी म्हणालीस तो."

"कुठला मेसेज, बाबा?"

बस एका सिग्नलला थांबली. त्यांनी चारुलताबाईंचा चेहरा आठवून पाहिला. कपाळ आठवलं, मग तेही सरकलं. अंगठ्यावरचा चटका डाव्या हाताला होता की उजव्या? थोड्या वेळापूर्वी पुलावर त्यांना ते माहीत होतं. आता त्यांना फक्त एक लांब, फिकट मनगट आठवत होतं.

"बाबा? देताय ना?"

त्यांनी फोन खिडकीकडे धरला. तो त्यांच्या हातातून घेतला गेला, हळूच, बोटाला बोट न लागता. मग वरून, खूप वरून, कुणीतरी सावकाश बोलायला शिकल्यासारखं बोललं, "ईशू. जेवलीस का?" आणि फोनमधून लेकीचं हसणं ऐकू आलं, कितीतरी दिवसांनी मोकळं झालेलं.

ते हसणं ऐकून श्यामसुंदररावांना बरंच वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी डोळे मिटले आणि घरी गेल्यावरचा विचार केला. टॅक्सी, गेट, लिफ्ट, किल्ली. बॅग आत घ्यायची. दाराची वरची कडी मात्र आता त्यांना लावावी लागणार नव्हती.